गाव पनवेल, तालुका पनवेल

आजचा विषय आमच्या धंद्यातला आहे, पण घरच्या वाचकांनी पळून जाऊ नये. आयुष्यात एकदा तरी फॉर्म भरलेल्या कोणालाही कळेल असाच आहे.

डेटाबेसमध्ये नवी नोंद घालायची तर एस्क्यूएलमध्ये इन्सर्ट लिहावं लागतं. रीत अशी, की आधी एका कंसात रकान्यांची नावं : नाव, गाव, तालुका, जिल्हा... आणि मग दुसऱ्या कंसात त्याच क्रमाने माहिती. चार रकाने असतील तर ठीक. चाळीस असले की सव्विसावी व्हॅल्यू कुठल्या रकान्याची, हे स्क्रीनवर बोट ठेवून मोजत बसायचं! रेल्वेच्या रिझर्वेशनच्या फॉर्मवर सगळे प्रश्न पुढच्या बाजूला आणि उत्तरांच्या नुसत्या रेघा मागच्या बाजूला छापल्या असत्या, तर खिडकीवर मारामाऱ्या झाल्या असत्या. आम्ही प्रोग्रामर मात्र निमूट सोसतो.

बरं, चुकलं तर डेटाबेस ओरडेलच असंही नाही. आकड्याच्या रकान्यात अक्षरं आली तर अडवतो. पण गाव आणि तालुका, दोन्ही अक्षरंच. अदलाबदल झाली तरी मुकाट्याने घेतो. आणि आपलं पनवेल तर यात पक्कं फसवं! गावही पनवेल, तालुकाही पनवेल. चाचणीला घरचा पत्ता टाकला तर उलटं लिहिलेलंही बरोबरच दिसणार. मग कोणी पळस्प्याचा माणूस येतो आणि नोंद होते : गाव पनवेल, तालुका पळस्पे. तालुकावार यादी काढली की त्याचं नाव गायब. खेटे घालायचे त्याने.

याच भाषेत जुनी नोंद बदलायची असेल (म्हणजे अपडेट) तर रकाना आणि व्हॅल्यू शेजारी शेजारी लिहितात, तालुका = 'पनवेल' असं. मग नव्या नोंदीनेच काय घोडं मारलंय? मायएसक्यूएलमध्ये इन्सर्टलाही अशी 'सेट'ची सोय आहे. पण ती त्यांची घरची, पोस्टग्रेसमध्ये चालत नाही. एस्क्यूएलचं पहिलं प्रमाण १९८६ चं. माझ्या मते ही सोय तेव्हाच त्यात हवी होती. एकदम हजार ओळी घालायच्या असतील तर जुनीच पद्धत आटोपशीर, हे मान्य. पण एकेका नोंदीसाठी कशाला?

काही जण तर रकान्यांची नावंच गाळतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

तोवर एका ओळीत एकच व्हॅल्यू लिहा, शेजारी कॉमेंटमध्ये रकान्याचं नाव. अर्थात कॉमेंट मशीन वाचत नाही. म्हणून चाचणीला पत्ता पळस्प्याचाच घ्या.