‘शक्य तितक्या लवकर’

जनावर मारावे की मारू नये, हा वाद आम्हांस येथे करावयाचा नाही. मारावयाचे ठरलेच, तर सुरी फिरण्यापूर्वी त्याची शुद्ध हरपलेली असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. कपाळावर बोल्ट-पिस्तुलाचा नेमका आघात झाला की जनावर तत्क्षणी बेशुद्ध होते आणि पुढील वेदना त्यास जाणवत नाही. इंग्लंडने १९३३ सालीच अशी सक्ती कायद्याने केली.

आमच्याकडील २००१ च्या कत्तलखाना-नियमांनी एका जनावरादेखत दुसरे मारण्यास मनाई केली. पशुवैद्याने ताशी १२ हून अधिक जनावरे तपासू नयेत, असा हिशेबही बांधून दिला. परंतु बेशुद्ध करण्याच्या स्वतंत्र जागेची गोष्ट निघताच नियमकर्त्यांची लेखणी अडखळली. ती जागा ‘शक्य तितक्या लवकर’ करावी, असे लिहून ते मोकळे झाले! त्यास दोन दशके उलटून गेली.

यावर कोणी धर्माची ढाल पुढे करतील. परंतु १९६० च्या कायद्याच्या २८ व्या कलमाने धर्माला आवश्यक अशा वधास सूट आधीच दिली आहे. शिवाय न्यूझीलंडात हलाल मांसासाठीही मेंढीस विजेच्या झटक्याने प्रथम बेशुद्ध करतात; तो प्राणघातक नसतो, म्हणून तेथे मान्य झाला. तेव्हा अडचण धर्माची नसून खर्चाची व आळसाची आहे.

आमची मागणी साधी आहे. ते तीन शब्द खोडून तेथे तारीख घाला. आणि त्या तारखेनंतर ज्या कत्तलखान्यात अशी जागा नसेल, त्याचा परवाना काढून घ्या.