आतला काटा

आठवड्यात सायकल तीनदा पंक्चर! दोनदा मी घरीच ठिगळ लावले. काटकसरीचा तेवढाच अभिमान! तिसऱ्यांदा मात्र लेकीबरोबरची रविवारची खडकवासल्याची फेरी बुडाली. ती रडली नाही. मुकाट्याने पंप जागेवर ठेवून आत गेली. तेच अधिक लागले.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली. "सर, तिन्ही भोकं शेजारी-शेजारी! आता टायरच्या आतून बोट फिरवा बघू."

फिरवले, आणि बोचले. बाभळीचा काटा!

डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तो टायर त्याने मुलाच्या तीनचाकीसाठी केला होता. मला साधा काटाही काढता येऊ नये?

पुढच्या रविवारी आम्ही खडकवासल्याला पोचलो. नापास मुलाच्या वहीवर शेरा मारण्यापूर्वीही हल्ली मी असेच बोट फिरवून पाहतो.