एक दिवस डोंगराला, एक दुपार मैदानाला



गेले काही आठवडे आपण खोडव्याची निगा, पाचटाचा वापर आणि पाण्याच्या पाळ्या यांवर बोललो. आज खताची मात्रा नाही की औषधाचे प्रमाण नाही. आपल्या घरातून हळूहळू कमी होत चाललेल्या एका गोष्टीबद्दल आज बोलायचे आहे. ती म्हणजे बिनकामाचा आनंद.

"बिनकामाचा" हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. शेतकऱ्याच्या घरात काम संपत नाही, हे मला ठाऊक आहे. पहाटे धार, मग वैरण, मग पाणी; त्यात विजेची पाळी रात्रीची असली तर झोपेचेही खोबरे. घराबाहेर पडणे म्हणजे बाजार, बँक, दवाखाना, नाहीतर ऊसतोडीची चौकशी. बेंदराला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, त्याला अंघोळ घालतो, गोडधोड चारतो. माणसाला मात्र तेवढा एक दिवसही आपण देत नाही.

म्हणून आज दोन स्वस्तातल्या सुखांची शिफारस करतो. एक, डोंगरात पायी हिंडणे. दुसरे, आपल्याच भागातल्या संघाचा फुटबॉल बघणे. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे उदाहरणे तिकडची देतो. तुम्ही आपापल्या तालुक्यातला डोंगर आणि मैदान डोळ्यांपुढे आणा.

डोंगर चढणे आपल्याला नवे नाही. चैत्रात जोतिबाला आपण चालत जातोच. पण देवाला जाताना मनात नवस असतो, वैरणीला जाताना डोक्यावर भारा असतो. नुसते बघायला, वारा खायला म्हणून कितीजण जातात? एक आबा मला म्हणाले, "साहेब, डोंगरावर जाऊन मिळणार काय?" मी म्हटले, "आबा, पदरात काहीच पडणार नाही. म्हणून तर एकदा जाऊन बघा."

पन्हाळ्याचेच घ्या. सहलीची गाडी वर जाते, तासाभरात फोटो काढून खाली येते. पायी हिंडले तर गड वेगळा दिसतो. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारे बघा. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. खंडी म्हणजे वीस मण. पोरांना तिथेच हिशेब घालायला लावा. पाच लाख मण उत्तर आले की तीही कोठारावरून पुन्हा एकदा नजर फिरवतील. १६६० सालच्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरचा वेढा असताना शिवाजी महाराज याच गडावरून भर पावसात विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी घोडखिंड अडवून धरली. तीच आजची पावनखिंड. २०२५ साली पन्हाळ्याची नोंद मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसास्थळांत झाली.

दर वर्षी जुलैत पुष्कळ मंडळी पन्हाळा ते पावनखिंड चालतात. आपल्याला तेव्हा जमत नाही, कारण रोपलागण ऐन भरात असते. पण भांगलण आटोपली, भात पोटरीत आले की एखादा दिवस निघतो. त्या दिवसात पन्हाळ्याच्या पश्चिमेचे मसाई पठार बघावे. वर सगळा जांभा, माती बोटभर, आणि तिच्यावर फुलांचा गालिचा. अशा सड्यांवर सीतेची आसवे नावाची निळसर जांभळी फुले येतात. ही वनस्पती मुळांशी असलेल्या बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म किडे पकडते. जमिनीत अन्नद्रव्ये नाहीत, म्हणून तिने आपला वरखताचा बंदोबस्त असा केला आहे. फुले तोडू नका, आणि मळलेली वाट सोडून त्यांच्यावर पायही देऊ नका.

आणखी एक गोष्ट तिथे समजते, ती कागदावरच्या नकाशाने समजत नाही. पन्हाळ्याच्या या डोंगररांगेच्या उत्तरेला वारणेचे खोरे, दक्षिणेला कासारीचे. धारेच्या एका अंगाला पडलेला पाऊस वारणेला जातो आणि हरिपूरला कृष्णेत मिळतो. दुसऱ्या अंगाचा पाऊस कासारीतून पंचगंगेला जातो आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतो. चार पावलांच्या फरकाने पाण्याची वाट बदलते आणि शेवटी ते एकाच नदीत येते. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे असते, असे आम्ही सभेत घसा कोरडा करून सांगतो. ते इथे उभ्या उभ्या पटते. आपल्या विहिरीचे पाणी कुठल्या उतारावरून येते, हे ज्याने पाहिले तो त्या उताराच्या गवताला काडी लावणार नाही. आता वणव्याचे दिवस आले आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिले. जळलेल्या डोंगरावरची माती पहिल्या वळवात खाली येते आणि ओढा गाळाने भरते.

जाताना फार तयारी लागत नाही. पायात घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट, माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, खर्डा, कांदा आणि गुळाचा खडा. पहिल्या दिवशी पाच-सहा किलोमीटर पुरे. धुके असेल तर कड्याजवळ जाऊ नये. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, तेव्हा उघड्या पठारावर थांबू नये. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर आणि आरडाओरडा टाळावा. एकट्याने जाऊ नये, आणि घरी वाट सांगून जावे.

आता मैदानाकडे वळू. कोल्हापूरच्या पेठांमधल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचे मैदान १९१२ साली तयार झाले. पुढे याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. देशाची इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तिच्यात यांतला एकही संघ नाही. तरी हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली म्हातारी माणसेसुद्धा दुपारची झोप सोडून येतात. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसत असताना इथे उन्हात कशाला बसायचे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की इथला खेळाडू आपला असतो. काल ज्याने आपल्याला दुकानात साखर मोजून दिली, तोच आज बचावाला उभा असतो. त्याचा बाप कसा खेळायचा, हे शेजारी बसलेल्या काकांना ठाऊक असते. आपला संघ चांगला खेळतो म्हणून तो आपला नसतो; तो आपला असतो म्हणून आपण जातो. चार सामने हरला तरी पाचव्याला जातो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एका हंगामात पीक गेले म्हणून रान कोणी सोडून देत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला एक युक्ती सांगतो. सगळा वेळ चेंडूमागे नजर पळवू नका. दहा मिनिटे एकच खेळाडू निवडा आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. मोकळी जागा कशी शोधतो, सोबत्याला हाक कशी देतो, दमल्यावरही मागे कसा धावतो. अशी दहा मिनिटे बघितली की फुटबॉल म्हणजे नुसती धावाधाव वाटत नाही.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. पेठांची ईर्षा कधी कधी हाताबाहेर गेली आहे, मारामाऱ्या झाल्या आहेत. हलगी वाजवा, झेंडे नाचवा, पंचाच्या नावाने हळहळा. पण हात उचलला की पुढच्या वेळी बायकापोरे मैदानावर येत नाहीत. ज्या मैदानावर कुटुंब येत नाही, तिथला खेळ फार दिवस टिकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे दोन्ही आनंद बिनपैशाचे आहेत, कारण डोंगराची वाट आणि गावचे मैदान सगळ्यांचे आहे. पण जिथे पाय पडत नाहीत तिथे कुंपण पडते. पाणंदी कशा अरुंद झाल्या ते आपण बघतोच आहोत. दर नांगरटीला एक तास आत येतो आणि दहा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. गायरानाचेही तेच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. पण जागा वापरात ठेवण्याचे काम न्यायालय करू शकत नाही, ते गावानेच करायचे असते.

परदेशातला एक दाखला देतो. इंग्लंडमध्ये किंडर स्काउट नावाचा डोंगर आहे. शिकारीसाठी राखलेला म्हणून जमीनमालक लोकांना तिथे फिरू देत नसत. १९३२ सालच्या एप्रिलमध्ये गिरण्या-कारखान्यांतली शेकडो तरुण पोरे बंदी मोडून तो डोंगर चढली. त्यांतल्या पाचजणांना तुरुंगवास झाला. पण १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि डोंगरात फिरण्याच्या सोयीचा कायदा आला, आणि १९५१ साली त्याच भागात त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथल्या कायद्यात असेही आहे की लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा चालत राहिले, तर ती सामान्यतः सार्वजनिक वाट मानली जाते. म्हणजे चालणे हाच वाटेचा दाखला. फुटबॉलचेही तसेच. तिथे वरच्या चार पायऱ्यांवर ९२ संघ, आणि त्यांच्या खाली लहान गावांचे कितीतरी संघ. शनिवारी दुपारी गावकरी त्यांना बघायला जातात, तिकिटाच्या चार पैशांवर आणि हौशी माणसांच्या राबण्यावर ते चालतात.

आपल्याकडे काय करता येईल? फुटबॉलच्या नियमात लहानात लहान मैदान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद चालते. म्हणजे ४,०५० चौरस मीटर, बरोबर आपला चाळीस गुंठ्यांचा एकर. बारक्या पोरांना दहा-पंधरा गुंठे पुरतात. तुमच्या गावात खेळासाठी अशी जागा आहे का, हे गावच्या नकाशावर बघा. असेल तर तिच्या हद्दी दाखवून मागा आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिची नोंद करा. नंतर तिथे रोज संध्याकाळी पोरे खेळतील असे बघा. पोरे खेळत असतील तर तिथे खताचा उकिरडा पडत नाही आणि कोणाची टपरीही उभी राहत नाही.

भगिनींना वेगळे सांगतो, कारण असल्या शिफारशी पुरुष वाचतात आणि एकटेच निघून जातात. वहिनी, हा दिवस तुमचाही आहे. अडचण धारेची असते. तेव्हा दोन शेजारणींनी ठरवून घ्यावे. या रविवारी एकीने दोन्ही घरच्या धारा काढायच्या, पुढच्या रविवारी दुसरीने. आणि दादा, त्या दिवशी भाकरी बांधून घेण्याचे काम तुमच्याकडे.

ऊस तुटून गेला असेल आणि खोडव्याला पाणी दिले असेल, तर येता रविवार बरा आहे. सकाळी लवकर जवळचा डोंगर चढा, ऊन तापायच्या आत खाली या. दुपारी तालुक्याच्या गावी सामना असेल तर पोरांना घेऊन जा. डोंगरावर कोणती वाट बंद झालेली दिसली, गावात कोणते मैदान गेले किंवा वाचले, ते मला कळवा. त्यावर या सदरात पुन्हा बोलू.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी भुईमुगाची आंतरमशागत आणि आऱ्या सुटल्यावर घ्यायची काळजी.