पुण्य अन्नछत्राचे, पाप शासनाचे

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी घोषित केली आणि अवघ्या चार तासांत देश थांबला. थांबले नाहीत ते स्थलांतरित मजुरांचे पाय. हाताला काम नाही, गाठीला पैसा नाही, अशा अवस्थेत लक्षावधी माणसे मुलाबाळांसह गावाची वाट चालू लागली. त्यांना पाणी, भाकरी आणि घटकाभर सावली दिली ती बहुतेक ठिकाणी श्रद्धावान माणसांनी. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळच्या महामार्गावर शीख सेवेकऱ्यांच्या लंगराने येणाऱ्या कोणाला जात विचारली नाही की धर्म विचारला नाही. मशिदी, चर्च आणि मंदिरे यांतूनही अनेक ठिकाणी चुली पेटल्या.

या सेवेला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाही समाजवाद्याला नाही. पंढरपूर, आळंदी, देहू येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारणारे गाडगे महाराज याच महाराष्ट्राचे. परंतु महाराज केवळ निवारा देऊन थांबले नाहीत. कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून बजावत राहिले. आसरा देतानाच माणसाला आपल्या पायावर उभे करणे, ही त्यांच्या सेवेची कसोटी होती. आजच्या धर्मादाय कार्याला तीच लावली पाहिजे.

कारण २०२० ची ती उपासमार नैसर्गिक आपत्ती नव्हती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ सालीच कायदा केला होता. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, प्रवासभाडे आणि विस्थापन भत्ता द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हा कायदा चार दशके कागदावरच राहिला. म्हणूनच कोण कोठे राबतो आहे, याची नोंद संकटाच्या वेळी शासनाजवळ नव्हती. ३१ मार्च २०२० रोजी, आता रस्त्यावर कोणी चालत नाही, असे सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. आणि सप्टेंबरमध्ये त्याच सरकारने संसदेला सांगितले की, परतीच्या वाटेवर किती मजूर दगावले याची आकडेवारी उपलब्ध नाही.

या अनुभवातून सत्ताधाऱ्यांनी धडा कोणता घेतला? १९७९ चा कायदाच त्यांनी नव्या श्रमसंहितेत विसर्जित केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या या संहितेत पाचाची मर्यादा दहावर नेली आहे आणि विस्थापन भत्ता वगळला आहे. दानशूरांची स्तुती करायची आणि मजुराचा हक्क काढून घ्यायचा, हा त्यांचा न्याय! दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. ते आज मिळाले म्हणून उद्या मागता येत नाही. हक्क मागता येतो, आणि नाकारला गेला तर त्यासाठी लढता येते.

धर्मसंस्थांनाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. भुकेल्याची जात न विचारणे हे लंगराचे मोठेपण. पण त्याची मजुरी कोणी बुडवली, हे तर विचाराल की नाही? ज्याने मजुरांचे पैसे थकवले त्याच कंत्राटदाराचे नाव देणगीदारांच्या फलकावर झळकत असेल, तर ते अन्नछत्र नकळत अन्यायाचेच छत्र होते.

आणि कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा. सेवेकरी रस्त्यावर पोळ्या वाटत होते तेव्हा आपल्या कामगार संघटनांपैकी किती जणी पत्रके काढून मोकळ्या झाल्या? संघटित कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या चळवळीने नाक्यावरच्या मजुराला आपला मानलेच नाही, हे कबूल केले पाहिजे. यापुढे जेथे अन्नछत्र आहे तेथे कार्यकर्त्याने वही घेऊन बसावे. मुकादमाचे नाव, ठरलेली मजुरी, थकलेली रक्कम यांची नोंद करावी आणि ती घेऊन कामगार अधिकाऱ्याच्या दारात मजुरांसह उभे राहावे. बीडहून कर्नाटकात ऊसतोडीला जाणारी टोळी असो की बिहारहून पुण्याच्या बांधकामावर आलेला गवंडी असो, दोघांनाही भाकरीइतकीच या नोंदीची गरज आहे.

श्रद्धावंतांनी भाकरी दिली, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावे. परंतु राबणाऱ्या माणसावर भाकरीसाठी ओंजळ पसरण्याची वेळ ज्यांनी आणली, त्यांना त्या पुण्याआड लपू देता कामा नये.