सही कोणाची, शरीर कोणाचे?



मुलगी वयात येते म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला आपापल्या घरात कळलेले असते. कुणाला पाळीच्या पहिल्या दिवशी बाजूला बसवले गेले, कुणाचे फ्रॉक बंद होऊन अंगावर ओढणी आली, कुणाला "आता तू मोठी झालीस" एवढ्यावरच गप्प केले गेले. वाढणारे शरीर झाकायचे, हा धडा बहुतेकींनी न शिकवता गिरवला. फॅशनच्या जगात शिरणाऱ्या १४-१५ वर्षांच्या मुलीला मात्र याच्या उलट धडा मिळतो. शरीर दाखवायचे, पण ते वाढू द्यायचे नाही. वरवर पाहता हे धडे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तरीही त्यांचे मूळ एकच. दोन्हीकडे त्या शरीराचे काय करायचे ते दुसरेच कोणीतरी ठरवते. या अंकात या मुलीविषयी बोलावेसे वाटते, कारण झगमगाटामुळे ती आपल्याला दिसत नाही आणि दिसली तरी ती 'आपली' वाटत नाही.

केट मॉस हे नाव अनेकींनी ऐकले असेल. १९७४ साली लंडनच्या क्रॉयडन भागात जन्मलेली ही मुलगी. १९८८ मध्ये सुट्टीवरून परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका मॉडेलिंग एजन्सीने तिला हेरले. तेव्हा ती १४ वर्षांची होती. १९९० च्या जुलै महिन्यात 'द फेस' या ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा हसरा चेहरा झळकला आणि तिचे आयुष्य पालटले. पुढे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मॉडेल्समध्ये तिची गणना होऊ लागली. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली यशोगाथा.

त्या दिवसांची दुसरी बाजू केटने स्वतः सांगितली, ती २०२२ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, बीबीसी रेडिओवरच्या मुलाखतीत. साधारण १५ वर्षांची असताना ती अंतर्वस्त्रांच्या एका कॅटलॉगच्या कामासाठी गेली होती. तिथल्या माणसाने तिला अंगावरचे कपडे उतरवायला सांगितले. काहीतरी विपरीत आहे हे तिला जाणवले आणि सामान उचलून ती तिथून पळाली. 'द फेस'च्या त्या गाजलेल्या छायाचित्रांच्या वेळीही आपण खूप रडलो होतो, असे ती म्हणाली. तिला उघड्या अंगाने उभे राहायचे नव्हते. तसे केले नाहीस तर पुढचे काम मिळणार नाही, असे तिला ऐकवले गेले. १९९२ साली जीन्स आणि अंतर्वस्त्रे विकणाऱ्या एका बड्या कंपनीच्या जाहिरातीत एका पुरुषाला बिलगून उभे राहण्याचे काम तिला मिळाले. त्या सुमारास आपण पार कोलमडलो, दोन आठवडे अंथरुणातून उठता आले नाही, असे तिने २०१२ च्या एका मुलाखतीत सांगितले आहे.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी आपण नीट पाहायला हव्यात. पहिली अशी की 'द फेस'साठी तिची छायाचित्रे काढणारी व्यक्ती एक स्त्री होती, केटची जवळची मैत्रीण होती. आणि त्या चित्रांनी आपले भले झाले, हेही केटने त्याच मुलाखतीत मान्य केले आहे. म्हणजे एखादा लंपट पुरुष शोधून त्याच्या माथी सारे मारावे आणि मोकळे व्हावे, एवढे हे प्रकरण सरळ नाही. दुसरी गोष्ट ते वाक्य: 'हे कर, नाहीतर पुढचे काम मिळणार नाही.' हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. ते शेतमजूर बाईने मुकादमाकडून ऐकले आहे, कारखान्यातल्या मुलीने सुपरवायझरकडून, घरकामाला जाणाऱ्या बाईने मालकाकडून. फरक इतकाच की इथे ते ऐकणारी मुलगी अजून शाळेत जाण्याच्या वयाची आहे आणि तिच्या कामाला कोणी 'काम' म्हणत नाही. 'चान्स मिळाला' असे म्हणतात. चान्स मिळालेल्याने तक्रार करायची नसते. मुखपृष्ठावर हसू छापले गेले, रडणे मात्र कित्येक वर्षे चौकटीबाहेर राहिले.

पण मोठ्या बायकांचे कपडे विकायला इतकी लहान मुलगी लागते तरी कशाला? याचे उत्तर या धंद्याच्या रीतीत आहे. फॅशन शोसाठी आणि मासिकांतल्या छायाचित्रांसाठी नमुन्याचे कपडे आधी शिवले जातात, तेही एकाच अरुंद मापात. मग त्या कपड्यांत मावणारे अंग शोधले जाते. १५ वर्षांच्या मुलीचे कंबर-नितंब अजून भरलेले नसतात, म्हणून ती त्यात सहज मावते. दोन वर्षांनी तिचे शरीर निसर्गाप्रमाणे भरू लागते आणि तिला सांगितले जाते की माप वाढले, कमी कर. एरवी ज्याला आपण वाढ म्हणतो, तो इथे तिचा दोष ठरतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची २२ वर्षांची लुइसेल रामोस आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची २१ वर्षांची आना कारोलिना रेस्टन या मॉडेल्स मृत्यू पावल्या. दोघींच्याही मृत्यूचा संबंध उपासमार करून घेण्याशी जोडला गेला. दोन्ही मृत्यूंच्या दरम्यान, सप्टेंबरमध्ये, माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने अति कृश मॉडेल्सना प्रवेश नाकारला होता. आणि याची झळ आपल्यालाही लागते. पस्तिशीतली, दोन बाळंतपणे झालेली बाई आरशात स्वतःला मोजते ती ज्या देहाशी तुलना करून, तो देह अजून वाढायचाच राहिलेला असतो.

पैशाचा हिशेबही पाहा. मुलीच्या छायाचित्रांचा खर्च, प्रवास, परक्या शहरात चार-सहाजणींनी मिळून राहायच्या खोलीचे भाडे, हे एजन्सी अनेकदा आधी भरते आणि नंतर तिच्या कमाईतून वळते करून घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची उचल आपल्याला ठाऊक आहे. हीही उचलच, फक्त तिचा कागद इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत असतो. कामाला सुरुवात होण्याआधीच डोक्यावर कर्ज असलेली मुलगी 'नाही' म्हणणार तरी कशाच्या बळावर?

आता सहीचा प्रश्न. अमेरिकेतील ब्रूक शील्ड्सचा जन्म १९६५ चा. ती १० वर्षांची असताना, १९७५ साली, न्यूयॉर्कच्या एका छायाचित्रकाराने तिची विवस्त्र छायाचित्रे काढली. संमतिपत्रावर सही तिच्या आईची होती. पुढे १५ व्या वर्षी जीन्सच्या जाहिरातींमुळे ब्रूक जगभर गाजली. काही काळातच ही जुनी छायाचित्रे पुन्हा छापली जाऊ नयेत म्हणून ती कोर्टात गेली. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की आईने दिलेली लेखी संमती मुलीवर बंधनकारक आहे, मोठी झाल्यावरही तिला ती मोडता येणार नाही.

हा निकाल वाचताना आपल्याला रखमाबाई आठवल्याखेरीज राहत नाहीत. ११ व्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीवर तिच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. ज्या लग्नाला माझी संमतीच नव्हती ते मी का मानावे, हा तिचा सवाल होता. १८८५ मध्ये एका न्यायमूर्तींनी तिची बाजू उचलून धरली. १८८७ मध्ये दुसऱ्यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला आणि तिने तुरुंगाची तयारी दाखवली. शंभर वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या खंडांत, प्रश्न एकच विचारला गेला. मुलीच्या वतीने दुसऱ्याने दिलेला होकार मुलीला कुठवर बांधतो? एकीकडे लग्न होते, दुसरीकडे छायाचित्र, पण देह दोन्हीकडे मुलीचाच होता.

यावर आईला खलनायिका ठरवणे सोपे आहे. पुरुषप्रधान समाजाची ती जुनी सोय आहे. ब्रूकची आई एकटीने मुलीला वाढवत होती आणि मुलीचे काम हाच त्या घराचा आधार होता. तिचे चुकले का, तर चुकले. पण आईची सही चालते आणि मुलीचा नकार चालत नाही, हा नियम कोणत्याही आईने केलेला नव्हता.

गेल्या काही वर्षांत थोडे बदलले, आणि ते आपोआप बदलले नाही. स्वतः १४ व्या वर्षी या धंद्यात आलेल्या सारा झिफ हिने २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये 'मॉडेल अलायन्स' ही संघटना उभी केली. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने १८ वर्षांखालील मॉडेल्सना बालकलाकारांचे संरक्षण दिले. २०१७ मध्ये फ्रान्समधील दोन मोठ्या फॅशन समूहांनी मोठ्यांच्या कपड्यांसाठी १६ वर्षांखालील मुली न घेण्याचे ठरवले. त्यांतल्या केरिंग समूहाने २०२० पासून ही अट १८ वरांवर नेली. 'व्होग' मासिकाच्या प्रकाशकांनी २०१८ मध्ये आपल्या फॅशन पानांसाठी तोच नियम केला. २०२५ च्या जूनपासून न्यूयॉर्कमध्ये एजन्सीला मॉडेलच्या कमाईतून २० टक्क्यांहून अधिक दलाली घेता येत नाही, आणि संगणकाने तिची प्रतिकृती बनवायची तर तिची स्वतंत्र लेखी संमती लागते. मॉडेल ही कामगार आहे, हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे काय आहे? बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. जाहिरात, चित्रपट, मालिका यांत १४ वर्षांखालील मुलांना कलावंत म्हणून काम करता येते, पण दिवसाला ५ तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून अधिक नाही, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध तर नाहीच. कमाईचा किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे चांगलेच आहे. पण १४ वर्षे पूर्ण झाली की कलावंत मुलांसाठीचे हे खास कवच गळून पडते. १४ ते १८ या वयासाठी कामाच्या तासांवर सर्वसाधारण मर्यादा आहेत, धोकादायक कामांना बंदी आहे. कॅमेऱ्यासमोरचे काम मात्र त्या धोकादायक यादीत बसत नाही. मॉडेलिंगचे बोलावणे येते ते नेमके याच वयात.

इथे आपली भूमिका स्वच्छ सांगायला हवी. १९९६ मध्ये बंगळुरूला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा विरोध करणारे एका बाजूचे नव्हते. काहींना संस्कृती बुडण्याची चिंता होती. स्त्री संघटना विचारत होत्या की बाईच्या देहावर नफा कोण कमावते. हा फरक आजही पुसता कामा नये. मुलीला नटायला आवडते, कोणी आपल्याला सुंदर म्हणावे असे वाटते, छोट्या गावातून बाहेर पडायची वाट तिला त्यात दिसते. यात तिचा काही गुन्हा नाही. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यावर बदनामी मुलीची व्हावी आणि ते काढणारा, विकणारा, विकत घेणारा नामानिराळा राहावा, हा दुटप्पीपणा आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. मोठ्या बायकांचे कपडे मोठ्या बायकांच्याच अंगावर दाखवले जावेत. अल्पवयीन मुलगी काम करत असेल तर कपडे बदलायला बंद दाराची खोली आणि तिच्या विश्वासाचे माणूस ही तिची हक्काची गोष्ट असावी. १४ नंतरही, १८ पूर्ण होईपर्यंत, कमाईचा हिस्सा तिच्याच नावे राहावा. आणि लहानपणी दुसऱ्याच्या सहीने निघालेली छायाचित्रे मागे घेण्याचा अधिकार तिला असावा. हे अशक्य नाही. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने, इंटरनेटवर प्रसिद्ध झालेली आपली चित्रफीत काढून टाकायला सांगण्याचा अधिकार मुलांना दिला आहे, तोही आईवडिलांच्या परवानगीशिवाय.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या घरापासून सुरुवात करता येईल. आज मॉडेल व्हायला विमानतळावर कोणी हेरावे लागत नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवातला फॅशन शो आणि आपल्याच हातातला मोबाइल पुरतो. मुलीचा फोटो टाकण्याआधी तिला विचारतो का आपण? ती 'नको' म्हणाली तर थांबतो का? घरात ज्या मुलीच्या नकाराला किंमत असते, तीच उद्या परक्या स्टुडिओतून सामान उचलून बाहेर पडू शकेल.

तुमच्या घरी, शाळेत, वस्तीत या वयाच्या मुली असतील. हे पान त्यांनाही वाचायला द्या आणि त्यांचे म्हणणे आम्हाला कळवा. नाव छापायचे नसेल तर तसे लिहा. पण लिहायला मात्र त्यांनाच सांगा, त्यांच्या वतीने आपण लिहू नये.