गणवेश उतरल्यानंतर : माजी सैनिक आणि अग्निशास्त्राचे शिक्षण

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षणाविषयी लिहिताना आपण बहुधा दहावी-बारावीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांपुरतेच बोलतो. या निमित्ताने आम्ही एका वेगळ्या विद्यार्थ्याविषयी लिहू इच्छितो. तो सैन्यातील सेवा संपवून घरी परतलेला आहे. जवान सामान्यतः पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील बहुसंख्य अग्निवीर तर चारच वर्षांनी, ऐन तारुण्यात, परततील. दोघांपुढेही कर्तृत्वाची कित्येक वर्षे शिल्लक असतात. ती बँकेच्या दाराशी पहारा देण्यात सरावीत, हे आम्हांस पटत नाही. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. पण समाजाने खर्चून घडविलेल्या माणसाचा तो अपव्यय आहे. अशा माणसाने अग्निशास्त्राच्या शिक्षणाचा गांभीर्याने विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार आहे तो आपल्याच परिसरातील दुःखांचा. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बालके दगावली. 2016 साली पुलगावच्या दारूगोळा भांडारातील आगीत सैन्याधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी एकाच रात्री मृत्युमुखी पडले. सैनिक आणि अग्निशामक यांची कर्तव्ये किती निकटची आहेत, हे पुलगावने दाखविले. भंडाऱ्याने त्याहून कठोर धडा दिला : आग लागल्यावर दाखविलेले शौर्य पुरेसे नसते, ती लागू नये यासाठीचे ज्ञान त्या इमारतीत आधीच नांदत असावे लागते.

हे ज्ञान म्हणजेच अग्निशास्त्र. ज्वलनाचे रसायन, नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा दाब, तापलेल्या पोलादाचे वर्तन, धुराचा प्रवास, विजेच्या जोडणीतील दोष आणि इमारतीतून माणसे बाहेर पडण्याचे मार्ग हे त्याचे विषय आहेत. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1,700 पट वाढते. म्हणूनच उकळत्या तेलावर पाणी ओतणाऱ्याचे धाडस घातक ठरते. आज्ञापालन, पथकभावना आणि संकटातील मनःशांती सैनिकाजवळ असतेच. कवायतीचे मैदानही त्याला नवे नाही. नवे असते ते केवळ शास्त्र. आणि शास्त्र शिकता येते.

मात्र निवड डोळसपणे व्हावी. आपल्या देशात या शिक्षणाचे प्रमुख केंद्र नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था 1956 साली रामपूर येथे स्थापन झाली आणि पुढील वर्षी नागपुरात आली. तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी मिळते, तसेच सेवेतील विविध श्रेणींचे पाठ्यक्रमही चालतात. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. ज्या तरुण अग्निवीराने हे विषय घेतले आहेत, त्याने पदवीचाच आग्रह धरावा. कला शाखेतून भरती झालेल्या, अडतिशीतल्या हवालदाराला तोच सल्ला देणे अन्यायाचे होईल. वय, शारीरिक पात्रता आणि पूर्वशिक्षण यांच्या अटी तपासून त्याने शासनमान्य अल्पमुदतीच्या पाठ्यक्रमाचा अथवा पदविकेचा मार्ग धरावा.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आम्हांस आवश्यक वाटते. 15 वर्षांच्या सेवेनंतर माजी सैनिकास पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याने काही शासकीय पदांची दारे उघडतात. परंतु जेथे तांत्रिक अर्हता अनिवार्य आहे, तेथे ते चालत नाही. तसेच, पत्रव्यवहाराने मिळविलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली प्रतिकूल निर्णय दिला आहे. तरीही 'फायर अँड सेफ्टी' अशी आकर्षक पाटी लावून घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने गावोगावी दिसतात आणि निवृत्तीच्या रकमेवर त्यांची नजर असते.

म्हणून प्रवेशाचे शुल्क भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय? ज्या पदावर जायचे, त्या पदाच्या जाहिरातीत याच पाठ्यक्रमाचे नाव आहे काय? संस्थेत पंप, शिड्या, श्वसनयंत्रे आणि सरावाचे मैदान आहे की केवळ फळा? मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत? कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याची अर्हता अग्निशमन अधिकाऱ्याच्या अर्हतेहून वेगळी असते, हेही ध्यानी घ्यावे.

काम मिळेल काय, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहामाहीस, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावयाचे असते. कायदा कागदावर राहू नये, तर जाणती माणसे हवीत. महापालिका, रुग्णालये, कारखाने आणि विमानतळ या सर्वांनाच ती हवी आहेत.

शासनाकडेही आमचे मागणे आहे. निवृत्तीच्या अखेरच्या वर्षांत पुनर्वसन महासंचालनालयामार्फत जवानांना प्रशिक्षणाची सोय असते. त्यात अग्निशास्त्राला ठळक स्थान मिळावे, सैन्यातील प्रशिक्षणाचे श्रेयांक पदवीत धरले जावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या शिक्षणाविषयी जाणकार मार्गदर्शन मिळावे.

14 एप्रिल हा दिवस आपल्या शाळेत ज्ञानाच्या महापुरुषाचा जन्मदिन म्हणून साजरा होतो. त्याच तारखेला, 1944 साली, मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामकांनी प्राण दिले. देशभर त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. एकाच दिवशी विद्येचे आणि बलिदानाचे स्मरण घडते. आपल्या शाळेतून सैन्यात गेलेल्या मुलांनी परतताना पुन्हा पुस्तक हाती घ्यावे. पुढच्या पिढीतील अग्निशामकाला प्राण देण्याची वेळच येऊ नये, याची तजवीज त्या पुस्तकातूनच होईल.