उत्पन्नाचा दाखला : कोणाच्या सोयीसाठी?

२०२३च्या जुलै महिन्यात मी भिलाईला मावसबहिणीकडे गेलो होतो. हे कुटुंब मूळचे विदर्भातले. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, त्यानंतर काही वर्षांनी बहिणीचे सासरे नोकरीसाठी तेथे आले आणि तेथलेच झाले. मेहुणे मात्र एका लहान खासगी पूरक उद्योगात नोकरी करतात. भाचीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि घरात फी-सवलतीच्या अर्जाची धांदल चालली होती.

कागदांची यादी अशी : वडिलांचा फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, बँकेचे खातेपुस्तक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि स्टॅम्प पेपरवरचे प्रतिज्ञापत्र. एकच गोष्ट पाच वेळा सिद्ध करायची. विवरणपत्राची पोचपावती संगणकावरून काढलेली, म्हणून तिच्यावर सही-शिक्का नव्हता. ती परत आली. नुकत्याच संपलेल्या वर्षाचे विवरणपत्र हवे होते; ते भरण्याची मुदत ३१ जुलै आणि सवलतीच्या अर्जाची मुदत त्याच्या आधीची. शिवाय गावाकडे अडीच एकर वडिलोपार्जित शेती, सातबाऱ्यावर चार भावांची नावे. एका कार्यालयाने सांगितले, शेतीच्या उत्पन्नाचा दाखला जमीन जेथे आहे तेथून आणा. तेथील कार्यालय म्हणाले, तुम्ही दुसऱ्या राज्याचे रहिवासी, आम्ही दाखला कसा देणार? या टोलवाटोलवीत मुदत टळली. बहिणीने पाटल्या गहाण ठेवून पहिल्या सत्राची पूर्ण फी भरली. सवलत मिळाली ती दुसऱ्या सत्रापासून.

बहिणीने मला विचारले, "दादा, तू सरकारी अधिकारी. यांचा पगार किती हे सरकारला माहीत नाही का रे?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मेहुण्यांचे पॅन आधारला जोडलेले, भविष्यनिर्वाह निधी दरमहा जमा होणारा. २०२१च्या नोव्हेंबरपासून आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात पगार, व्याज, मोठे व्यवहार असे सारे एकत्र दिसू लागले. शासनाला ठाऊक होते. परंतु शासनाच्या एका खात्याला जे ठाऊक, ते दुसऱ्या खात्याला सांगण्याचे काम आपण नागरिकाच्या पायांवर सोपविले आहे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पीएम-किसान योजनेतून आयकर भरणाऱ्यांना वगळावयाचे ठरले, तेव्हा आयकर खात्याची माहिती उपयोगात आलीच. वगळण्यासाठी जी माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ शकते, ती देण्यासाठी का जाऊ नये?

आता नाण्याची दुसरी बाजू. बहिणीच्या शेजारी एक कंत्राटी कामगार राहतात. कधी महिन्याला वीस दिवस काम, कधी दहा. त्यांच्या उत्पन्नाची नोंद कोठेच नाही. त्यांना मात्र दाखला सहज मिळाला. पटवाऱ्याने विचारले, "मर्यादा किती?" आणि तिच्या आत बसणारा आकडा लिहिला. मी त्या पटवाऱ्याला दोष देणार नाही. नोकरीच्या आरंभी एका तालुक्यात मीही असे शेकडो दाखले सही करून दिले आहेत. तलाठ्याचा अहवाल पाहून मी सही करीत असे, आणि तलाठी अर्जदाराचा शब्द पाहून अहवाल लिहीत असे. म्हणजे अखेरीस अर्जदाराचाच शब्द, फक्त आमच्या शिक्क्याने जड झालेला.

माझे म्हणणे एवढेच आहे : जे शासनाला ठाऊक आहे ते नागरिकाकडून मागू नये, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सोंग कागदावर करू नये.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१६ साली आयआयटीची वार्षिक शिक्षण फी ९० हजारांवरून २ लाख झाली, तेव्हा १ लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पूर्ण आणि १ ते ५ लाखांच्या कुटुंबांना दोन-तृतीयांश माफी ठरली. आयआयटी भिलाईही त्याच वर्षी सुरू झाली. म्हणजे ५ लाखांच्या रेषेवर एका कागदाची किंमत वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार रुपये! २०२४च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची व्याज-सवलतीची मर्यादा ८ लाखांची, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची. प्रत्येक रेषेपाशी तोच दाखला आणि तीच रांग.

अमेरिकेतील मराठी पालकांना फॅफ्साचा अर्ज परिचित आहे. २०१९च्या कायद्यानंतर, २०२४-२५च्या अर्जापासून, पालकांच्या संमतीने कराचे आकडे तेथील महसूल खात्याकडून थेट येऊ लागले. ती व्यवस्था सुरू होताना मोठा गोंधळ झाला, अर्ज महिनोन् महिने रखडले, हेही सांगितले पाहिजे. त्यातून घ्यायचा धडा इतकाच की, नवी व्यवस्था आधी नीट तपासावी आणि तोवर मुदत विद्यार्थ्याच्या गळ्यात अडकवू नये.

आपल्याकडे तीन गोष्टी करता येतील. पहिली, अर्जदाराच्या संमतीने पॅनवरून एवढेच विचारावे की उत्पन्न मर्यादेच्या आत आहे की नाही. उत्तर 'होय' किंवा 'नाही'. कॉलेजच्या लिपिकाने कुटुंबाचा सारा हिशेब पाहण्याचे कारण नाही. खासगीपणाही अधिक राखला जाईल. दुसरी, ज्यांची नोंद नाही अशांचे, आणि करमुक्त शेती-उत्पन्नाचेही, साधे स्वयंघोषणापत्र घ्यावे. त्यातील काही चिठ्ठ्या टाकून निवडावीत, प्रत्यक्ष तपासावीत आणि खोटे आढळल्यास दंड करावा. तिसरी, कागद उशिरा आला तर फीची वसुली थांबावी, सवलत नव्हे.

लिपिक अडवतो तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो एकटा सापडेल, या भीतीने तो पाचवा कागद मागतो. ही भीती दूर करणे वरिष्ठांच्या हाती आहे. 'संमती असेल तर अमुक एक पुरावा पुरेसा' असा स्पष्ट लेखी आदेश निघाला, तर उरलेले चार कागद आपोआप गळून पडतील. तो आदेश काढावयाचा आमच्यासारख्यांनीच, आणि तो निघेपर्यंत कोणाच्या तरी पाटल्या गहाण पडत राहणार आहेत.